रिकाम्या सीटचं वजन

आमच्या घरात कुठलीही वस्तू आली की आधी काट्यावर चढते, मग जागेवर जाते. एकेचाळीस वर्षं मी वजनकाटे दुरुस्त करतो. दुकानांचे, गोदामांचे, दवाखान्यांचे. घराचा पुढचा भाग म्हणजे माझं वर्कशॉप, मागचा भाग म्हणजे घर, आणि मधल्या दारात प्लॅटफॉर्मचा मोठा काटा आहे. त्यावर पाय दिल्याशिवाय आत जाता येत नाही. बायको म्हणायची, "लोकांच्या दारात पायपुसणं असतं, आमच्या दारात हे." पाहुणे काट्याच्या कडेने अंग चोरून आत यायचे. जेवून परत जाताना तर फारच चोरून.

बायको नवीन वस्तू घेत नसे. तिचं म्हणणं, नवीन वस्तू म्हणजे जिची खोड अजून कळलेली नाही अशी वस्तू. आमचं कपाट, इस्त्रीचं टेबल, शिवणयंत्र, सगळं कुणाच्या ना कुणाच्या घरात आयुष्य काढून आमच्याकडे आलेलं. माझं लग्न छत्तिसाव्या वर्षी झालं, तेव्हा तिने मैत्रिणींना सांगितलं होतं, "तशी जुनीच वस्तू आहे, पण चालू स्थितीत." भाव करण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. विकणारा शेवटी वस्तू देऊन टाकायचा आणि वर तिला बसायला खुर्ची द्यायचा.

मुलीने गोड बातमी सांगितली तेव्हा दुसरा महिना चालू होता. त्याच आठवड्यात ही टॅक्सीतून उतरली ती हातात लहान बाळाची कार सीट घेऊन. करड्या रंगाची, जाड पट्ट्यांची, पाठीला उशी असलेली. मुलगी फोनवर चिडली. "आई, अजून कशात काही नाही आणि तू सीट घेऊन बसलीस?"

"सीट म्हणजे बसायचीच वस्तू," ही म्हणाली आणि फोन ठेवला.

मी त्या दिवशी एका गोदामात कामाला होतो. परत आलो तोवर सीट वर्कशॉपच्या माळ्यावर गेली होती, काट्यावर न चढता. आमच्या घरात असं त्याआधी कधी झालं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "हिचं वजन सावकाश करा. घाई नाही."

त्यानंतर सतराव्या दिवशी ती गेली. सकाळी तिने चहा ठेवला होता. तो उतू गेल्याचा वास आला म्हणून मी बघायला गेलो.

पुढचे सहा महिने मी माळ्याकडे पाहिलं नाही. काम करत होतो. काटे बिघडायचे थांबत नाहीत, हे एक बरं आहे.

मुलीला नववा लागला तसा सीटचा विषय निघाला. मुलगी विमा कंपनीत आहे. अपघातांचे दावे तपासते. दिवसभर चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघते आणि माणसं किती खोटं बोलतात ते मोजते. तिने मला समोर बसवलं आणि दावेदाराला विचारतात तसं विचारलं.

"सीट कुणाकडून घेतली?"

"माहीत नाही."

"कधीची आहे?"

"मागचं लेबल घासलं गेलंय. फक्त वजन वाचता येतं. चार किलो दीडशे ग्रॅम."

"तुम्हाला बरं तेवढंच दिसलं. अपघातात सापडली होती का?"

"दिसायला तर धडधाकट आहे."

"बाबा, अपघातातून वाचलेली सीट दिसायला धडधाकटच असते. आतून तडा जातो. जिचा इतिहास माहीत नाही त्या सीटमध्ये मी माझं मूल बसवणार नाही."

"तुझ्या आईने घेतली आहे."

"म्हणून तर भीती वाटते," ती म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "आईची आठवण म्हणून बाळाला त्यात बसवायचं नाही, बाबा. आठवणीला पट्टे नसतात."

जावई शेजारी बसले होते. ते शाळेत भूगोल शिकवतात आणि वादात कायम विषुववृत्तावर उभे असतात. ते म्हणाले, "दोघांचंही बरोबर आहे."

"आपण नवीन घेतोय," मुलगी म्हणाली.

"हेही बरोबर आहे," जावई म्हणाले.

मला राग आला नाही. तिच्या जागी मी असतो तर तेच म्हणालो असतो. पण हिने स्वतःच्या हाताने घेतलेली ती शेवटची वस्तू होती, आणि तिच्यात कुणीच बसणार नाही हे मला सहन होईना. मी ठरवलं, सीटची नीट तपासणी करायची. दोष निघाला तर मी स्वतः ती तोडून टाकीन. नाही निघाला तर मुलीशी पुन्हा बोलेन.

तपासणीची माझी एकच पद्धत आहे. आधी वजन. लेबलवर लिहिलेलं आणि काट्यावर दिसणारं जुळलं नाही तर वस्तूत काहीतरी कमी आहे किंवा जास्त आहे. कुठल्याही यंत्राचं खोटं तिथेच पहिल्यांदा पकडलं जातं. आणि एकदा तोलून मी आकडा धरत नाही. तीनदा तोलतो.

सीट माळ्यावरून काढतानाच हाताला कळलं. माझा हात पन्नास ग्रॅमच्या वर चुकत नाही. काट्यावर ठेवली. सहा किलो सातशे पन्नास.

दुसऱ्यांदा, सहा सातशे पन्नास. तिसऱ्यांदा तेच.

दोन किलो सहाशे ग्रॅम जास्त. मी हसलो. म्हटलं, हिने आत काहीतरी भरून ठेवलं आहे. तिची ती सवय होती. शिवणयंत्राच्या खोक्यात सुपारीचा डबा, इस्त्रीच्या टेबलाखाली कोऱ्या चादरी. मी कव्हरची चेन उघडली, उशी काढली, फोम चाचपला, खालचे स्क्रू काढून तळ उघडा केला. प्लॅस्टिक शाबूत. कुठे तडा नाही, डाग नाही, शिवण उसवलेली नाही. आत काहीही नव्हतं, फक्त उशीच्या मागे चिठ्ठी होती. हिच्या अक्षरात, "सीटवाल्या बाई", आणि खाली फोन नंबर.

चिठ्ठीचं वजन दोन ग्रॅम धरलं तरी हिशेब बसत नव्हता.

मी सुटे भाग वेगवेगळे तोलले. फोम, कव्हर, पट्टे, तळ, स्क्रू. सगळ्यांची बेरीज चार किलो दीडशे. बरोबर लेबलवरची. मग सगळं परत जोडलं आणि ठेवलं. सहा सातशे पन्नास.

आता माझ्या जागी दुसरा कुणी असता तर सीटला घाबरला असता. मी काट्याला घाबरलो. एकेचाळीस वर्षांच्या कामावर पाणी पडल्यासारखं झालं. पितळी प्रमाण वजनं काढली. एक किलो ठेवलं, एक आलं. पाच ठेवलं, पाच आलं. दहा ठेवलं, दहा आलं. काटा शहाण्यासारखा वागत होता. दुसरा काटा आणला, तिसरा आणला. भाजीवाल्याचा दुरुस्तीला आलेला काटाही वापरून पाहिला. तो काटा शंभर ग्रॅमने लबाड होता, आणि त्याने बरोबर शंभर ग्रॅमने लबाड असाच आकडा दाखवला.

मी पाटीवर तारीख घालून आकडा लिहिला. दुसऱ्या दिवशी सहा सातशे पंचाहत्तर. तिसऱ्या दिवशी सहा आठशे. हवेतला ओलावा म्हणून मी सीट दोन दिवस उन्हात ठेवली. रोज वीस-पंचवीस ग्रॅम, न चुकता. ऊन लागल्याचा परिणाम एवढाच झाला की मी उचलली तेव्हा ती कोमट होती. सगळीकडे सारखी नव्हे. फक्त बसायच्या खोलगट भागात.

मी त्या बाईंना फोन केला.

"विकलेली वस्तू परत घेणार नाही," त्या आधीच म्हणाल्या. "तुमच्या बाईंनी भाव इतका पाडला की वर टॅक्सीचं भाडंसुद्धा मीच दिलं."

"परत नाही द्यायची. थोडं विचारायचं होतं."

"मग त्यांनाच द्या ना फोन. त्यांच्याशी भांडायला मजा येते."

मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "अरे देवा. चांगली बाई हो. विचारा काय ते."

"सीट कधी अपघातात सापडली होती का?"

"छे. आमचे हे गाडी अशी चालवतात की सायकलवाले मागून शिव्या देतात. माझी चार मुलं बसली त्यात. चौघंही दांडगी. धाकटी आता माझ्या खांद्यावर चढून कपाटावरचा डबा काढते."

मला हवं ते मिळालं होतं. फोन ठेवायला हरकत नव्हती. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "वजन केलंत वाटतं?"

मी पाटीकडे पाहिलं.

"बाई म्हणाल्याच होत्या, आमचे हे केल्याशिवाय राहायचे नाहीत. किती भरलं?"

मी आजचा आकडा सांगितला. सहा आठशे साठ. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी वजा केलं असावं.

"म्हणजे नववा लागून आठवडा झाला," त्या म्हणाल्या. "मुलगी की सून?"

मी त्यांना कुणाला दिवस गेल्याचं सांगितलं नव्हतं. पण कदाचित बायकोने सांगितलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. "मुलगी," मी म्हणालो.

"ऐका. माझ्या धाकटीच्या वेळी ह्यांना हौस आली. नवीकोरी सीट आणली. ही जुनी माळ्यावर गेली. पोरगी जन्मली तेव्हा छान होती. मग उतरायला लागली. रोज थोडी थोडी. डॉक्टर झाले, औषधं झाली. दूध तर एवढं प्यायची, तरी अंगाला लागेना. दोन आठवड्यांनी माझ्या सासूबाई म्हणाल्या, ती जुनी खाली काढ आधी. काढली. त्या दिवसापासून बाळसं धरलं."

"म्हणजे नेमकं काय?"

"नेमकं मला कुठे माहीत? जवळ ठेवा. बसवा तिच्यात. तेवढं केलं की कुरकुर करत नाही."

"बाळ?"

"तेही," त्या म्हणाल्या, आणि कुकर झाल्याचं सांगून फोन ठेवला.

मी वर्कशॉपमध्ये बसून राहिलो. मी सीटमधला दोष शोधायला निघालो होतो. दोष नव्हता. आणि आता मुलीला काय सांगणार? आई गेल्यापासून बाबांच्या डोक्यावर परिणाम झालाय, एवढंच तिच्या अहवालात आलं असतं. मलाही ते तितकंसं चुकीचं वाटत नव्हतं. रात्री झोप लागत नसली की माणूस कशालाही पाटीवर लिहून ठेवतो.

अडीच आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी आठ वाजता, सीट सात किलो दोनशे सत्तर भरली. लेबलचं वजन वजा करता तीन किलो एकशे वीस. मी पाटीवर लिहिलं आणि कामाला बसलो. दुपारी जावयांचा फोन आला. "बाबा, मुलगी झाली. दोघी छान आहेत."

"वजन?"

"तुम्ही हेच विचारणार म्हणून आधीच विचारून ठेवलंय. तीन किलो एकशे वीस."

मी सीट काट्यावर ठेवली. चार किलो दीडशे. तीनदा तोलली. चार दीडशे.

मला काय वाटलं ते सांगतो. मला बरं वाटलं. जे काही होतं ते जिथे जायचं तिथे गेलं, वस्तू रिकामी झाली, विषय संपला. मी टोपी घातली आणि नात बघायला गेलो. ती लाल होती आणि माझ्यावर नाराज होती. हिची भुवई जशीच्या तशी.

दुसऱ्या दिवशी नर्सने वजन केलं. तीन किलो तीस. तिसऱ्या दिवशी दोन नऊशे पन्नास.

"उतरतंय," मी म्हणालो.

"सगळ्याच बाळांचं उतरतं, काका," नर्स म्हणाली. "पहिले काही दिवस. अगदी नॉर्मल आहे."

ते मलाही माहीत होतं. दवाखान्यांच्या काट्यांवर काम करून मी अशी हजार बाळं पाहिली आहेत. सगळ्यांचंच थोडं उतरतं. ते कुठे जातं, एवढं मात्र कुणी विचारत नाही.

घरी येऊन सीट तोलली. चार किलो तीनशे वीस. एकशे सत्तर ग्रॅम जास्त. तीन एकशे वीसमधून दोन नऊशे पन्नास गेले की एकशे सत्तर उरतात. हे गणित चौथीतल्या मुलालाही येतं. मी ते पाच वेळा केलं.

मग मी ती सीट पोत्यात घालून गावाबाहेर टाकून यावी असं मनात आणलं. पोतं आणलंही. पण त्या बाईंची धाकटी आठवली. माळ्यावर ठेवल्यावर तिची ती गत झाली होती, मग गावाबाहेर टाकल्यावर काय होईल? आणि बसवावी तर एखाद्या सापळ्यात आपणच नातीला नेऊन ठेवतोय असं वाटे. टाकता येईना, ठेवता येईना. अशा वेळी मी हिला विचारत असे. तीही सरळ उत्तर देत नसे, पण निदान विचारल्याचं समाधान असायचं.

चौथ्या दिवशी सकाळी घरी सोडणार होते. जावई दवाखान्यात नवी सीट घेऊन आले. निळी, लेबल लटकत असलेली. मी जुनी सीट घेऊन वॉर्डात शिरलो. मुलीने एकदा सीटकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"बाबा. आपलं बोलणं झालंय."

"इतिहास कळला. विकणारीशी बोललो. एकही अपघात नाही. पट्टे, तळ, स्क्रू, सगळं उघडून पाहिलं."

"तरीही नको."

"दोघांचंही..." जावयांनी सुरुवात केली.

"तुम्ही थांबा," आम्ही दोघंही म्हणालो.

नर्स आली. निघण्याआधीचं शेवटचं वजन करायचं होतं. त्या वॉर्डातला बाळांचा काटा माझ्याच देखभालीत आहे. त्यावरचं शिशाचं सील माझ्या पक्कडीने मारलेलं. नर्सने बाळाला उघडं करून काट्यावर ठेवलं. दोन किलो नऊशे.

"काका, ते धूड वाटेतून बाजूला ठेवा ना," ती मला म्हणाली. मी सीट काट्याच्या टेबलाला टेकवून ठेवली.

आकडा हलला. दोन नऊशे दहा. दोन नऊशे साठ. तीन. तीन एकशे वीस, आणि थांबला.

नर्सने बाळाला उचललं. काटा शून्यावर आला. परत ठेवलं. तीन एकशे वीस.

"तुमचा काटा गेला, काका," ती म्हणाली. "मागच्याच महिन्यात सही करून गेलात."

माझ्या खिशात पाचशे ग्रॅमचं पितळी वजन असतं. मी बाळाच्या जागी ते ठेवलं. पाचशे. नर्सने माझ्याकडे पाहिलं. खिशात असं वजन ठेवणाऱ्या माणसाकडे लोक बघतात तसं.

"जावईबापू," मी म्हणालो, "ही सीट घ्या आणि जरा दारापर्यंत जा."

ते गेले. बाळ काट्यावर होतं. तीन ऐंशी.

"व्हरांड्यात जा."

तीन किलो.

"अजून?" बाहेरून आवाज आला.

"अजून."

"पुढे जिना आहे, बाबा."

दोन नऊशे चाळीस. नर्स काट्याकडे बघत होती. मी मुलीकडे बघत होतो. ती दाव्यांवरच्या फोटोंकडे बघते तशी त्या आकड्याकडे बघत होती, पापणी न हलवता. बाळ शांत होतं. त्याचे पाय मात्र हळूहळू पोटाशी ओढले जात होते.

"परत बोलवा त्यांना," मुलगी म्हणाली.

जावई आले. तीन एकशे वीस.

"पट्टे किती वेळा तपासलेत?"

"तीनदा."

"ताण देऊन?"

"पन्नास किलोचं वजन टांगून."

तिने बाळाला उचललं, अंगडं घातलं, टोपरं बांधलं. मग तिने स्वतःच्या हाताने तिला जुन्या सीटमध्ये बसवलं आणि बक्कल लावलं.

"नवी परत करता येईल का?" तिने जावयांना विचारलं.

"लेबल काढलेलं नाही," ते म्हणाले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना एका बाजूचं उत्तर देता आलं.

नर्सने कागदावर तीन एकशे वीस लिहिलं आणि शेजारी लिहिलं, काटा तपासावा.

गाडी मीच चालवली. सायकलवाल्यांनी मागून शिव्या दिल्या. नात सगळी वाट झोपली होती.

मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. खाली पोचल्यावर मुलगी बाळाला सीटमधून काढून छातीशी घेऊन निघाली, आजारपणातून उठल्यासारखी नव्हे, घाईत असल्यासारखी. जावई पिशव्या आणि निळी सीट घेऊन तिच्या मागे. मी सगळ्यांच्या मागे, जुनी सीट घेऊन. माझा गुडघा जिना ओळखतो.

पहिल्या वळणावर मी हात बदलला.

दुसऱ्या वळणावर दोन्ही हात लावले.

वरून मुलीची पावलं ऐकू येत होती. ती लांब जात होती, आणि माझ्या हातातलं ओझं तेवढंच वाढत होतं. साडेचार किलो. पाच. साडेपाच. मला काट्याची गरज नव्हती.

"बाबा," तिचा आवाज आला. थांबून थांबून. "ही खूप हलकी लागतेय हो."

"तिथेच थांब. वर जाऊ नकोस."

मी पायरीवर बसलो. सीट मांडीवर घेतली. खोलगट भाग कोमट होता.

भाव करणं मला कधी जमलं नाही. हिने काहीतरी अडवून धरलं असतं, उठून जायचं नाटक केलं असतं, निम्म्यावर आणलं असतं. मी पहिल्याच आकड्याला हो म्हणालो.

"तिचं नको," मी म्हणालो. "लागेल तेवढं माझं घे."

बराच वेळ काही झालं नाही. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी नळाचं पाणी वाहत होतं. मग माझ्या मांडीवरचा भार सरकला, झोपलेलं मूल कूस बदलतं तसा. मी उठून सीट एका हाताने उचलली. चार किलो दीडशे.

"आता?" मी वर विचारलं.

"आता ठीक आहे," मुलगी म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तुम्ही खाली कुणाशी बोलत होतात?"

"गुडघ्याशी."

या गोष्टीला चार महिने झाले. सीट पाळण्याशेजारी असते. गाडीतून कुठे जायचं झालं की मीच ती उचलतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून सगळे सोडून देतात. नातीने असं बाळसं धरलं आहे की मनगटाला दोरा बांधल्यासारख्या वळ्या पडतात. डॉक्टर मुलीचं कौतुक करतात. मुलगी आता मैत्रिणींना सांगते की जुन्या वस्तूत काही वाईट नसतं, फक्त नीट चौकशी करावी. तिच्या तोंडून ते ऐकलं की मला घरात दुसरं कुणीतरी बोलल्यासारखं वाटतं.

रविवारी ते माझ्याकडे येतात. मी नातीला तोलतो, तीनदा. ते गेले की मी स्वतः काट्यावर उभा राहतो. दोन्ही आकडे पाटीवर शेजारी शेजारी लिहितो. बेरीज चार महिन्यांत एका ग्रॅमनेही बदललेली नाही.

जावई परवा म्हणाले, "बाबा, फिरायला जाता वाटतं. पोट छान उतरलंय." मुलगी म्हणते, खात जा. खातो की. दोन वेळा पोटभर जेवतो. चव लागते, झोपही लागते, बऱ्याच दिवसांनी.

माझ्या कमरेच्या पट्ट्याची भोकं मात्र संपली. काल खिळा-हातोडी घेऊन एक नवीन पाडलं. हत्यारं काढलीच होती, म्हणून पुढची आठ पाडून ठेवली.